प्रहसनमालिका आणि तिचा प्रेक्षक : जालना जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

दूरचित्रवाणीवर एखादी नवी विनोदी मालिका सुरू झाली की दोन-तीन आठवड्यांतच तिच्या प्रेक्षकांत तट पडतात, ही गोष्ट आता इतकी परिचयाची झाली आहे की तिचे कारण शोधण्याची गरजही फारशी कोणास वाटत नाही. एकास जी निखळ करमणूक वाटते तीच दुसऱ्यास पोरकट व तिसऱ्यास अपमानकारक वाटते. आणि असे का, म्हणून विचारले असता लोकांची रुची भिन्न असते ह्या जुन्या वचनाकडे बोट दाखवून प्रश्न मिटवला जातो. रुचिभेद हे कारण खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे. भाजीत मीठ कमी की जास्त याविषयी एका पंगतीत बसलेल्यांचा मतभेद होणे वेगळे आणि काहींना पंगतीत बसवून काहींना वाढण्यास उभे केल्यामुळे जेवणाविषयी मतभेद होणे वेगळे. मराठी प्रहसनमालिकांविषयीचा मतभेद पुष्कळदा दुसऱ्या जातीचा असतो आणि जालन्यासारख्या जिल्ह्यातून पाहिले असता तो विशेष स्पष्ट दिसतो.

ज्यास सर्वसाधारण बोलण्यात 'सिटकॉम' म्हणतात त्या प्रकारास येथे 'प्रहसनमालिका' असा शब्द योजला आहे. दशरूपकांतील प्रहसनाशी त्याचे नाते दूरचे आहे. संस्कृत प्रहसन एकदा घडते आणि संपते. प्रहसनमालिका संपत नाही. तिच्यात ठराविक घर असते, ठराविक माणसे असतात, प्रत्येक माणसास एखादी ठराविक खोड असते. प्रत्येक भागात एक लहानसा घोटाळा उद्भवतो आणि भाग संपताना सारे पुन्हा जेथल्या तेथे येते. हा घाट अमेरिकेत प्रथम नभोवाणीवर सिद्ध झाला आणि मग दूरचित्रवाणीवर आला. १९५१ साली सुरू झालेली 'आय लव्ह लूसी' ही मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर अनेक कॅमेऱ्यांनी चित्रित होत असे व त्या प्रेक्षकांचे हसू ध्वनिमुद्रणात येत असे. पुढे असे हसू यंत्रातून जोडण्याची सोयही झाली. घरात एकटा बसलेला प्रेक्षक हसावयास कचरू नये, त्यास सोबत असल्याचा भास व्हावा, हा तिचा हेतू. हास्य हे नेहमी एखाद्या समूहाचे हास्य असते, असे फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली आपल्या प्रबंधात प्रतिपादिले होते. अमेरिकेतील व्यावसायिकांनी ते यंत्राच्या रूपाने मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या घाटाची एक अट मात्र पुरेशी लक्षात घेतली जात नाही. प्रेक्षकास मालिकेतील घराचा शेजारी होता आले पाहिजे. त्या घरात चहा कोण करतो, कोण कोणास 'अहो' म्हणतो आणि कोण 'अरे', पाहुणा आला की कोणाच्या कपाळास आठी पडते, हे त्यास न सांगता कळले पाहिजे. विनोद ह्या न सांगितलेल्या भागावर उभा असतो. जो शेजारी नाही तो पाहुणा ठरतो. आणि पाहुणा हसतो तो सौजन्याने.

मराठी प्रहसनमालिकेचा इतिहास ह्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७७ च्या सुमारास त्यावर आलेली 'चिमणराव' ही मालिका ह्या प्रकारातील आरंभीची आणि निःसंशय चांगली कृती. चिं. वि. जोशी बडोद्यास राहिले, पण त्यांचा चिमणराव पुण्याचा. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ह्या जोडीने पुस्तकातील माणसांस चेहरे दिले. एका पिढीने ती माणसे आधीच आपल्या कल्पनेत पाहिली असल्याने 'आमचा चिमणराव असा नव्हे' अशी कुरबूर अशा रूपांतराच्या वाट्यास येतेच. पण ती कुरबूर घरच्यांची. आपल्या माणसाचे छायाचित्र नीट आले नाही, अशा थाटाची ती तक्रार. त्या वेळी मुंबई केंद्राचे प्रक्षेपण मुंबई-पुण्याच्या टापूपलीकडे पोचत नसल्याने जालन्याच्या प्रेक्षकास कुरबुरीचीही संधी नव्हती. १९८४ नंतर देशभर लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे झाली, तेव्हा मराठवाड्यातील घरांत दूरचित्रवाणी आली ती मुख्यतः दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमासह. म्हणजे ह्या भागातील पुष्कळशा प्रेक्षकांनी पाहिलेली पहिली प्रहसनमालिका मराठी नव्हती. ती १९८४ ची 'ये जो है जिंदगी' होती, कुंदन शाह प्रभृतींनी दिग्दर्शित केलेली व शरद जोशी यांनी लिहिलेली. मातृभाषेतील विनोदाची ओळख दुसऱ्या भाषेतील विनोदानंतर व्हावी, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात सहसा घडत नाही. दूरचित्रवाणीच्या इतिहासात ती घडली.

उपग्रहवाहिन्या आल्यावर हे अंतर भौगोलिक अर्थाने नाहीसे झाले. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी निघाली आणि २००१ पासून तिच्यावर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका लोकप्रिय झाली. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' ह्या लेखनावर आधारलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका शहरी मध्यमवर्गाच्या पांढरपेशा सौजन्याचे उत्तम चित्र होय. चिमणराव झालेल्या नटाने चोवीस वर्षांनी आजोबा व्हावे, ह्यात मराठी प्रहसनमालिकेच्या घराची वंशावळच दिसते. पण वंशावळ दिसते म्हणजेच ते एकच घर आहे, हेही दिसते. ते पुण्यातून मुंबईस गेले, वाड्यातून सदनिकेत गेले; पण औरंगाबादच्या पुढे आले नाही. जालन्याच्या प्रेक्षकाने टिपरे कुटुंबावर मनापासून प्रेम केले असेल, पण ते प्रेम सुट्टीत मामाच्या घरी गेलेल्या मुलाचे. मामाकडे सारे छान असते. तेथे आपण आपल्या घरच्यासारखे बोलत मात्र नाही.

येथे एका व्यावहारिक गोष्टीचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तिने ह्या घराचा पत्ता बदलण्यास हातभार लावला. दूरचित्रवाणीचे प्रेक्षक मोजण्याची जी पद्धती आपल्याकडे होती तिचा नमुना मुख्यतः शहरांतील होता. ग्रामीण घरांचा समावेश असलेली आकडेवारी 'बार्क' ह्या संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रथम दिली. म्हणजे तोवर घनसावंगी वा मंठा तालुक्यातील खेड्यात कोण काय पाहतो, कशास हसतो, कशास पाठ फिरवतो, हे जाहिरातदारांच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. ह्यानंतर वर्ष-दोन वर्षांत मराठी वाहिन्यांवर नागपूरकडील बोली बोलणारी नायिका असलेली 'माझ्या नवऱ्याची बायको', कोल्हापूरच्या मातीतील 'तुझ्यात जीव रंगला', साताऱ्याकडील 'लागिरं झालं जी' आणि मालवणी मुलखातील 'गाव गाता गजाली' ह्या मालिका एकापाठोपाठ एक आल्या. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. बोली मोजणीत आली, तेव्हा पडद्यावर आली. ह्या यादीत विदर्भ आहे, दक्षिण महाराष्ट्र आहे, कोकण आहे, मराठवाडा नाही. मोजणीच्या नव्या युगातही त्यास रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले.

मराठवाडी बोली पडद्यावर मुळीच नव्हती असे नव्हे. मकरंद अनासपुरे यांच्यासारख्या नटाने ती चित्रपटांत रुळविली आणि महाराष्ट्रभर तिला टाळ्या मिळवून दिल्या. विनोदी प्रवेशांच्या कार्यक्रमांतूनही बोली वावरत होत्याच. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या' मध्ये भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी ही त्या कार्यक्रमाची एक ओळखच होऊन बसली. २०१८ पासूनची 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' हीही त्याच प्रकारची. ह्या कार्यक्रमांवरील मतभेद सर्वश्रुत आहेत. पुरुषांनी लुगडे नेसून हसविणे हा विनोद आहे की विनोदाचा अभाव. शरीराच्या ठेवणीवरून केलेली थट्टा मुलाबाळांसह पाहावी की नाही. पाहुणा म्हणून आलेल्या नटाची भलावण आणि विनोद ह्यांची सांगड कितपत उचित, असे आक्षेप वेळोवेळी निघाले. दिवसभराच्या कष्टांनंतर तासभर डोक्याचा भार हलका झाला, एवढे पुरे, असे उत्तरही तितक्याच वेळा देण्यात आले. ह्यांपैकी सभ्यतेच्या आक्षेपाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो तमाशाविषयी घेतला गेला, गडकऱ्यांविषयी घेतला गेला, अत्र्यांविषयी घेतला गेला. आणि त्याचे उत्तर प्रत्येक वेळी कृतीच्या बऱ्यावाईटपणावरच अवलंबून राहिले. करमणूक झाली, एवढे पुरे, हे समर्थनही समीक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. ते मालिकेविषयी काही न सांगता केवळ प्रेक्षकाच्या थकव्याविषयी सांगते.

महत्त्वाचा आहे तो तिसरा आक्षेप, जो पुष्कळदा अर्धवट उच्चारला जातो: 'आपण असे बोलत नाही.' आणि त्याच्याच जोडीला, कित्येकदा त्याच माणसाच्या तोंडून, 'आपली भाषा टीव्हीवर आली' हा आनंद. मतभेद येथे दोन प्रेक्षकांत नसून एकाच प्रेक्षकाच्या मनात आहे. रुचिभेदाचे स्पष्टीकरण अपुरे पडते ते ह्याच ठिकाणी.

'आपण असे बोलत नाही' ह्या वाक्याचा शब्दशः अर्थ पाहिला तर ते बहुधा खरे असते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांच्या भागांतून निर्माण झाला. त्याची बोली एक नाही. भोकरदन-जाफराबादकडे, बुलढाण्याच्या सीमेलगत, 'करू राहिला' ह्या वळणाची क्रियारूपे कानी पडतात. परतूर-मंठ्याकडे, परभणीच्या बाजूस, 'करायलाय' ह्या वळणाची. जालना शहरात १९४८ पर्यंतच्या निजामी अमदानीचा वारसा म्हणून दखनी उर्दूचा ठसा बोलण्यावर राहिला आहे, आणि बाजारपेठेमुळे मारवाडी व हिंदीचाही. पडद्यावरील 'मराठवाडी' ह्यातील काही जाणत नाही. 'लई', 'बी', एखादे लांबविलेले अक्षर आणि वाक्याच्या शेवटी एक हेलकावा, एवढ्या सामग्रीवर ती उभी असते. कोणत्याही तालुक्याची नसलेली अशी ही बोली कानास ओळखीची वाटते आणि जिभेस परकी. नक्कल हुबेहूब असती तर कदाचित कोणी रागावले नसते. ती ढोबळ आहे, ह्याचा अर्थ नक्कल करणाऱ्यास आपले बोलणे नीट ऐकण्याचीही गरज वाटली नाही; आणि दुखते ते हे.

तथापि बोलीच्या शुद्धाशुद्धतेवर हा प्रश्न संपत नाही. अधिक मूलगामी प्रश्न, बोली किती जण बोलतात, हा आहे. ज्या प्रवेशात सर्व जण प्रमाण मराठी बोलतात आणि एकच जण बोली बोलतो, तेथे बोली हीच त्या एकाची खोड बनते. ती चिमणरावाच्या भित्रेपणाच्या जागी येते. त्याने काहीही म्हटले तरी प्रेक्षक प्रथम म्हणण्याच्या पद्धतीवर हसतो. उलट ज्या कृतीत सारेच बोली बोलतात, तेथे बोली विनोदाचा विषय राहत नाही, विनोदाचे माध्यम होते. कंजूष, आढ्यताखोर, भोळा, लबाड असे भेद बोलीच्या आत दिसू लागतात. 'गाव गाता गजाली' ह्या मालिकेचे यश ह्यातच होते. गजाली करणारे सगळेच एका गावचे असल्याने तेथे कोणास आपल्या मालवणीबद्दल खुलासा करावा लागत नाही. अर्थात मालवणीस ही जागा मालिकेने दिली नाही; ती १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' ने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने आधीच कमावून ठेवली होती.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसवितो ते परस्थ. स्मितापासून अतिहसितापर्यंतच्या सहा प्रकारांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. ह्या पहिल्या भेदाचा उपयोग मात्र कमी केला गेला. न. चिं. केळकरांच्या 'हास्यविनोदमीमांसे' पासून मराठीत विनोदाच्या कारणांचा विचार झाला, पण विनोद कोठे बसून ऐकला जातो, ह्याचा फारसा झाला नाही. भरताचा भेद थोडा पुढे नेला तर असे म्हणता येईल की एकच विनोद एका प्रेक्षकसमूहास आत्मस्थ असतो आणि दुसऱ्यास परस्थ. पहिला समूह पात्रात स्वतःस ओळखून हसतो, दुसरा पात्रास आपल्यापासून दूर ठेवून हसतो. दोघांच्या हसण्याचा आवाज सारखाच. मोजणीच्या यंत्रास तो सारखाच ऐकू येतो.

ह्या भेदाची परीक्षा मराठवाड्यातच झालेली आहे. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग १९७९ पासून पुढे तीन दशके चालला. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या ह्या कलावंताने मराठवाड्याच्या खेड्यातील एक अवघे वऱ्हाड, पन्नासांहून अधिक व्यक्तिरेखा, एकट्याने उभे केले. गिनेसच्या ग्रंथात त्याची नोंद झाली. खेडूतांनी विमानात बसणे हा विषय सहज परस्थ हास्याचा होऊ शकतो, आणि शहरांतील काही प्रेक्षकांनी तो तसा घेतलाही असेल. पण देशपांड्यांच्या प्रयोगात खेडूत प्रथम आपल्या गावात, आपल्या माणसांत दिसतो. मानापमान, रुसवेफुगवे, कोणी यायचे आणि कोणी नाही, ह्या सर्वांचा पसारा मांडून झाल्यावर मग विमान येते. तोवर प्रेक्षक वऱ्हाडात सामील झालेला असतो. विमानातील गोंधळ ही त्या गोंधळलेल्यांची फजिती राहत नाही, विमानाचीही होते. २००९ मध्ये देशपांड्यांचे निधन झाल्यानंतर संदीप पाठक यांनी हा प्रयोग पुढे चालविला, आणि तो अद्यापि मराठवाड्यात आपला मानला जातो.

मालिकेत असे का घडत नाही? एक कारण वेळेचे. दहा मिनिटांच्या प्रवेशात गाव उभे राहत नाही, हेल मात्र उभा राहतो. दुसरे कारण मालिकेच्या घाटातच आहे, आणि ते समजण्यास घनसावंगी तालुक्यातील जांब ह्या गावाकडे वळणे उपयुक्त ठरेल.

जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. विनोदाची आवड समर्थांनी टवाळांच्या पदरी टाकली, हे सांगण्याची प्रथा आहे, आणि प्रत्येक विनोदी लेखकाने त्यावर एकदा तरी रुसून घेतले आहे. पण त्याच दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिला समास 'मूर्खलक्षणां'चा आहे. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करणारा, वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा अशी मूर्खांची ती लांबलचक रांग वाचताना हसू न येणारा वाचक विरळा; आणि त्या रांगेत कोठेतरी स्वतःस न पाहणारा त्याहून विरळा. मूर्खांची ही यादी कोणा एका जातीची, प्रांताची वा बोलीची नाही. दशकाच्या शेवटी 'पढतमूर्ख' येतो, म्हणजे शिकलेल्यासही सुटका नाही. आत्मस्थ हास्याचा ह्याहून चांगला नमुना जुन्या मराठीत एकनाथांच्या भारुडांतच सापडेल. टवाळीचा निषेध करणाऱ्याने विनोदाचा त्याग केला होता, असे समजण्याचे कारण नाही.

ह्याच जांब गावातील राजकुमार तांगडे ह्या शेतकरी नाटककाराने 'आकडा' हे नाटक लिहिले. विजेच्या तारेवर आकडा टाकून वीज घेणे हा त्याचा विषय. नागर प्रेक्षकास हा चोरीचा विषय वाटेल. ज्या गावात २००५ नंतरच्या काही वर्षांत दिवसाचे दीर्घ तास भारनियमन होते आणि विहिरीत पाणी असून मोटार चालत नव्हती, त्या गावास तो दिनचर्येचा विषय आहे. प्रहसनमालिकेस लागणारे सारे काही ह्यात आहे. ठराविक जागा आहे, ठराविक माणसे आहेत, रोज नवा घोटाळा आहे. आकडा टाकणारा, तो काढावयास येणारा, आणि दोघांस ओळखणारा तिसरा. एवढेच नव्हे, तर दूरचित्रवाणीचा संच चालतो तो त्याच तारेवर. टिपऱ्यांच्या घरचा विनोद पाहता पाहता वीज गेलेल्या घरातील विनोद जर कोठे सांगितला गेला असेल तर तो येथे. हे नाटक गावचे, गावकऱ्यांनी केलेले आणि प्रथम गावासाठी केलेले. हसणारा आणि ज्यावर हसावयाचे तो, ह्यांत पडदा नाही.

तांगडे यांचे पुढील नाटक 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे २०१२ मध्ये रंगभूमीवर आले. संकल्पना व संगीत संभाजी भगत यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. नटांपैकी बरेचसे जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांतले. शिवाजी महाराजांना नेण्यास आलेला यम, आणि केवळ देह नव्हे तर त्यांचे विचारही नेण्याची त्याची खटपट, ह्या कल्पनेवर ते उभे आहे. विषय असा की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सभागृहात वाद व्हावा. तरीही मुंबई-पुण्यापासून लहान गावांपर्यंत त्याचे प्रयोग झाले आणि प्रेक्षक हसले. यम ह्या नाटकात मराठी गावच्या एखाद्या त्रासलेल्या सरकारी नोकरासारखा हिंडतो. वरून आलेला हुकूम पुरा होत नाही, आणि खाली कोणी दाद देत नाही. बोलीत बोलणारा यम येथे कोणास बोलीमुळे हास्यास्पद वाटत नाही, कारण सारेच तसे बोलतात. हास्यास्पद आहे ती त्याची अडचण. 'आकडा' आणि हे नाटक ही जोडी पाहिली असता, जालना जिल्ह्यातील प्रेक्षकास विनोदाचे वावडे आहे किंवा तो आपल्या बोलीबद्दल अकारण हळवा आहे, हा समज टिकत नाही. तो स्वतःवर भरपूर हसतो. हसण्याचे आमंत्रण कोणाकडून आले, हे मात्र तो पाहतो.

आता घाटाचा प्रश्न. प्रहसनमालिकेत भाग संपताना सारे जेथल्या तेथे येते. हे शक्य होते, कारण तिच्यातील घर सुरक्षित आहे. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेस येणार, छप्पर जागेवर राहणार. घोटाळा फक्त मनाचा असतो. 'आकड्या'तील घरात भाग संपल्यावर वीज येईलच असे नाही. मोसंबीची बाग वाळली तर पुढच्या आठवड्यात ती हिरवी होऊन येत नाही. ज्या जिल्ह्यात दुष्काळ हा पाहुणा नसून घरचाच आहे, तेथील जीवनाचा विनोद जेथल्या तेथे परतण्याच्या घाटात बसविताना काहीतरी कापावे लागते, आणि कापले जाते ते नेमके हेच. उरतो तो हेल. हिंदीत २०२० मध्ये आलेल्या 'पंचायत' ह्या मालिकेने उत्तर प्रदेशातील खेडे पुष्कळ जिव्हाळ्याने दाखविले, हे मान्य करूनही तिचा मध्यवर्ती माणूस शहरातून आलेला पदवीधर सचिव आहे, हे विसरता येत नाही. प्रेक्षक त्याच्या डोळ्यांनी गावात शिरतो. गावास स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची संधी तिच्यातही उशिरा मिळते.

२०२३ च्या आरंभी सोनी मराठी वाहिनीवर 'पोस्ट ऑफिस उघडं आहे' ही मालिका आली, तेव्हा 'हास्यजत्रे'च्या निर्मात्यांचीच ती असल्याने तिच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या, आणि अनासपुरे तिच्यात असल्याने मराठवाड्यात त्या अधिकच असणे स्वाभाविक होते. तिची कल्पना ह्या चर्चेच्या दृष्टीने मोलाची आहे. घराऐवजी कचेरी, आणि कचेरीही अशी की जेथे मनिऑर्डरीसाठी म्हातारी येते, नोकरीच्या पत्रासाठी पदवीधर येतो, आणि कामाशिवाय सारा गाव येतो. टपाल कचेरीत कोणी पाहुणा नसतो. परंतु प्रवेशांच्या कार्यक्रमात मुरलेले नट मालिकेत आले की प्रत्येक जण आपला प्रवेश सोबत घेऊन येतो. टाळीच्या वाक्याची सवय सुटत नाही, आणि गावातील माणसांनी एकमेकांशी बोलण्याऐवजी ती पाळीपाळीने प्रेक्षकांशी बोलू लागतात. कल्पनेने कचेरी उघडली होती. तंत्राने तिच्यात रंगमंच घातला. ही मालिका फार काळ चालली नाही, ह्यावरून तिच्या गुणदोषांचा निर्णय करणे मात्र चूक होईल. वाहिन्यांवरील आयुर्मर्यादा आणि वाङ्मयीन मूल्य ह्यांचा संबंध ठरलेला नाही.

ह्या संदर्भात हैदराबादचे उदाहरण जालन्यास परके नाही, कारण १९४८ पर्यंत दोन्ही एकाच संस्थानात होती. दखनी बोली हिंदी चित्रपटात बराच काळ विदूषकाची बोली होती. मेहमूद यांनी १९६५ च्या 'गुमनाम' मध्ये ती लोकप्रिय केली, पण ती एकट्याची, स्वयंपाक्याची बोली होती. पुढे चाळीस वर्षांनी हैदराबादेतच, तुटपुंज्या खर्चात, 'द अंग्रेज' हा चित्रपट निघाला. त्यात चारमिनारजवळच्या रिकामटेकड्यांची दखनी हीच साऱ्यांची भाषा आहे आणि परदेशातून परतलेल्यांची तऱ्हा हास्यास्पद आहे. विनोदाची दिशा उलटली. त्या चित्रपटाचा दर्जा असमान आहे, पुष्कळ भाग सैल आहे. हैदराबादच्या प्रेक्षकाने त्याकडे दुर्लक्ष केले आणि तो आपला म्हणून उचलून धरला. सदोष पण आपला विनोद आणि सफाईदार पण परका विनोद, ह्यांतून सामान्य प्रेक्षक कोणता निवडतो, ह्याचे हे एक उत्तर आहे. समीक्षकाने तेच उत्तर द्यावे असे नाही. पण सफाई हाच निकष धरून प्रेक्षकाच्या नापसंतीस अडाणीपणा म्हणण्याआधी त्याने थांबावयास हवे.

विद्यापीठीय अभ्यासाच्या दृष्टीने ह्यात एक काम शिल्लक आहे. मराठी विभागांत जालना, परभणी, हिंगोलीकडून येणारा विद्यार्थी पहिल्या सत्रात वर्गात बोलत नाही, आणि दुसऱ्या सत्रात बोलू लागतो तो बदललेल्या बोलीत. घरी दूरध्वनीवर तो पुन्हा पहिल्या बोलीत बोलतो. ह्या दोन आवाजांमधील संकोच कोठून आला, हे केवळ शाळेच्या नावावर टाकता येणार नाही. त्याने लहानपणापासून पाहिलेल्या मालिकांत त्याच्यासारखे बोलणारा माणूस कोणत्या कामासाठी येत असे, हेही पाहावे लागेल. नोकर, वॉचमन, गावाहून आलेला नातेवाईक, पोलीस शिपाई, ही कामे ठरलेली आहेत. त्यांच्या वाट्यास किती वाक्ये येतात, त्यांपैकी किती प्रश्नार्थक आणि किती आज्ञार्थक, त्यांच्या बोलण्यावर दुसरे पात्र कितीदा हसते, हे मोजणे अवघड नाही. 'आकडा' आणि त्या धर्तीची गावोगावची नाटके, स्पर्धांच्या निमित्ताने लिहिलेली आणि बहुधा छापली न गेलेली, त्यांच्या संहिता मिळतील तितक्या जमवून त्याच पद्धतीने मोजल्या तर तुलनेस आधार मिळेल. भोकरदनच्या 'करू राहिला' आणि मंठ्याच्या 'करायलाय' ह्यांतील कोणते रूप कोणत्या पात्राच्या तोंडी घातले गेले, आणि स्थानिक लेखकाने प्रमाणरूप कोणासाठी राखून ठेवले, हे त्या संहितांतच सापडेल. तलाठी, बँकेचा साहेब आणि दूरचित्रवाणीवरील निवेदक हे तेथे बहुधा प्रमाण मराठी बोलतात, आणि गावाचे हसू तेव्हाच येते.